आमच्या शेडमध्ये कोणी आजारी पडत नाही

अकरा वर्षं मी घोलवडच्या चिकूच्या शेडमध्ये मुकादम आहे, आणि या अकरा वर्षांत माझ्या हजेरीवहीत कोणाच्याही नावापुढे 'आजारी' असं लिहिलेलं नाही. खोटं वाटत असेल तर या आणि वही बघा. ताप आला, पाय मुरगळला, बाळंतपण झालं, तरी नावापुढे खूण आहेच. आता आमच्या बायका लोखंडाच्या आहेत असं समजू नका. आजारी पडण्यात त्या कोणाला मागे नाहीत. पण ज्या दिवशी जिला बरं नसेल त्या दिवशी तिच्या घरातली दुसरी कोणीतरी येते. जाऊ, नणंद, सासू, जी मोकळी असेल ती. मी सकाळी पुकारते, "गंगी!" आणि गंगीची जाऊ चिमी म्हणते, "हजर!" झालं. एसटीच्या खिडकीतून सीटवर रुमाल टाकतात ना, तसं आमचं नाव असतं. रुमालावर कोण येऊन बसलं ते कोण विचारतो?

आमचे मालक सुनिलशेठ तर नाहीच विचारत. ते आपले दारातून डोकी मोजतात. चौदा पाहिजेत, चौदा असतात. ते खूश, आम्ही खूश.

फक्त मुकादमाला बदली नसते. म्हणजे तसा नियम कोणी केलेला नाही, पण माझं काम दुसऱ्या कोणाला येत नाही असं मीच अकरा वर्षं सगळ्यांना सांगत आलेय. टेबलाच्या शेवटी माझं स्टूल. धुतलेला, वाळवलेला चिकू सगळ्यांच्या हातून पुढे येतो, आणि शेवटचा हात माझा. अंगठा आणि दोन बोटं, देठाजवळ जरासं दाबलं की मला कळतं, हा चार दिवसांचा प्रवास करेल की उद्याच बसेल. लांब जाणाऱ्या खोक्यात एक मऊ चिकू गेला की तो बाकीच्यांनाही घेऊन बसतो. मी पास केला की शेजारी रखमी तो खोक्यात लावते, वर कागद घालते, पट्टी मारते. रखमी आणि मी बरोबरच या शेडमध्ये लागलो. मी मुकादम झाले, ती नाही झाली. त्यावर आम्ही कधी बोललो नाही, पण तिचा डोळा माझ्या स्टुलावर आहे हे मला पक्कं ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणजे, तेव्हा असं वाटत होतं.

आणि आता खरं सांगते. गेल्या मोसमात माझ्या उजव्या हाताची नेमकी तीच तीन बोटं झोपली. आधी मुंग्या येत होत्या. मग एके दिवशी हातातलं ताट पडलं, आणि पडल्याचा आवाज आल्यावर मला कळलं की मी ताट धरलं होतं. डहाणूच्या डॉक्टरांनी मनगट ठोकून बघितलं आणि म्हणाले, नस दबलीये, छोटंसं ऑपरेशन आहे, पण नंतर सहा आठवडे या हाताने काही दाबायचं नाही, उचलायचं नाही. मी म्हटलं, डॉक्टर, मी दाबायचेच पैसे घेते. ते हसले. मी नाही हसले.

सहा आठवडे! पोरगी निलम तळासरीला कारखान्यात, तिची तिची नोकरी. नवरा बोटीवर. माझ्या नावाला 'हजर' म्हणणारं घरात कोणी नाही, आणि सहा आठवडे स्टूल रिकामं राहिलं तर त्यावर कोण बसणार हे सांगायला ज्योतिषी नको. म्हणून मी कोणाला सांगितलं नाही. डोळ्यांनी चिकू ओळखायला लागले. रंग बघायचा, देठ बघायचा, बोटांनी नुसतं नाटक करायचं. तीन महिने झाले, माल जात होता, आणि बाहेरून एकही तक्रार आली नव्हती. मला तर वाटायला लागलं होतं, सुषमा, तुझ्या डोळ्यांनाच बोटं फुटली बाई.

त्यात ही प्रगती आली. तळासरीची पोर, कॉम्प्युटर शिकलेली, चष्मा, हातात कायम फोन. शेठनी तिला कागदपत्रांसाठी ठेवली, कारण नेदरलँड नावाच्या देशातला एक व्यापारी आमचा चिकू घ्यायला तयार झाला होता, आणि चिकू घेण्याआधी त्याने बारा पानांचा फॉर्म पाठवला होता. आम्ही चिकू देणार, पोरगी नाही, तरी एवढी चौकशी.

एक दिवस चहाच्या वेळी प्रगती माझी वही घेऊन आली. "मावशी, गेल्या वर्षी आजारपणाच्या किती रजा दिल्या, असं विचारलंय. मी सहा वर्षांच्या वह्या बघितल्या. एकही नाही. असं कसं?"

"आमच्याकडे कोणी आजारी पडत नाही," मी म्हटलं. बायजीने चहात पाव बुडवला आणि मान डोलावली. बायजी आमच्यात सगळ्यात म्हातारी, तिने मान डोलावली की ते खरंच वाटतं.

प्रगतीला नाही वाटलं. ती तिथेच उपड्या पाटीवर बसली आणि फोनमधून वाचायला लागली, कुठल्या देशात माणूस आजारी पडला तर काय मिळतं ते. आधी आम्ही नुसतं हूं हूं करत होतो. मग गंगी म्हणाली, "थांब गं, एकेक सांग. आपण नंबर लावू. एक नंबर, दोन नंबर, गाळ." झालं, बायकांना तेच पाहिजे होतं. घरी पोरीसाठी स्थळं बघावीत तशा सरसावून बसल्या.

"अमेरिका," प्रगती म्हणाली. "तिथे सगळ्या देशाला लागू असा पगारी रजेचा कायदाच नाही. काही राज्यांत आहे, काही ठिकाणी मालकाच्या मनावर."

"एवढं मोठं घर आणि सुनेला ताप आला तर विचारत नाहीत?" गंगी म्हणाली. "गाळ!"

"अगं, अमेरिका आहे ती," प्रगती कळवळली.

"असू दे. दिसायला मोठा असला तरी डागी तो डागी."

इंग्लंडमध्ये म्हणे पहिले तीन दिवस काहीच नाही, चौथ्या दिवसापासून थोडंफार, आणि आता तो नियम बदलतायत. बायजी म्हणाली, तीन दिवसांत तर ताप उतरतो, मग चौथ्या दिवशी देऊन उपकार कसले? त्याला दोन नंबर मिळाला, तोही बदलतायत म्हणून. स्वीडन नावाचा एक देश आहे, तिथे रजा चांगली आहे पण सुरुवातीला साधारण एका दिवसाचा पगार कापून घेतात. "म्हणजे सासू चांगली, पण घरात शिरताना एक चिमटा काढते," रखमी म्हणाली. सगळ्या हसल्या. मीही हसले, रखमीचं बोलणं असलं तरी. जपानात तर आजारी माणूस बहुतेक आपली साधी सुट्टीच वापरतो म्हणे, आणि जास्त दिवस झाले तर विम्यातून पगाराचे तीनातले दोन हिस्से मिळतात. गंगी म्हणाली, ते लोक आपल्यासारखेच दिसतायत, आजारी आहे म्हणायला लाजतात.

"आणि आपलं?" बायजीने विचारलं.

"आपल्याकडे विम्याचं कार्ड असेल तर वर्षाला एक्क्याण्णव दिवसांपर्यंत सत्तर टक्के मिळतं."

"माझ्या निलमकडे आहे ते कार्ड," मी म्हटलं. "आपल्याकडे नाही. आपण मोसमी."

"मोसमी म्हणजे काय, आपल्याला फक्त मोसमातच ताप येतो?" गंगी म्हणाली.

मग प्रगती म्हणाली, "जर्मनी. सहा आठवडे पूर्ण पगार. मालक देतो."

माझा कप ओठापाशी थांबला. सहा आठवडे. डॉक्टरांनी काय जर्मनीला फोन करून सांगितलं होतं की काय? मी अगदी सहज विचारतेय असं दाखवून म्हटलं, "आणि जागा? परत आल्यावर जागा तीच?"

"आजारी पडला म्हणून जागा जात नाही, मावशी. तीच जागा."

"समज, एखादीचा हात गेला. हात, किंवा बोटं."

"हात असो, पाय असो, डॉक्टरांचा कागद पाहिजे."

"एक नंबर," मी म्हटलं, आणि जरा जोरातच म्हटलं असणार, कारण रखमी माझ्याकडे बघायला लागली. मी तिला म्हटलं, बघतेस काय, चहा संपव. आमचा हा फॉर्मवाला नेदरलँड तर दोन वर्षं किमान सत्तर टक्के देतो म्हणे, पण त्यावर बायकांचा विश्वासच बसला नाही. दोन वर्षं घरी बसलेल्या माणसाला घरचेच कामावर सोडून येतील, असं बायजीचं म्हणणं पडलं.

पुढच्या आठवड्यात त्या नेदरलँडच्या मॅडम व्हिडिओवर येणार होत्या. कामगारांशी बोलायचं होतं त्यांना, मालक समोर नसताना. शेठनी नवीन ताडपत्री घातली, भिंत पुसून घेतली, आणि "समोर नसताना" म्हणजे फोनच्या मागे उभं राहायचं असं ठरवून तिथे उभे राहिले. मॅडम दिसल्या. गोऱ्या, केस आखूड, चेहरा प्रेमळ. त्यांनी यादीतून एक नाव निवडलं. शेडमध्ये चौदा नावं, पण निवडलं कोणतं? गंगी.

आणि गंगी त्या दिवशी तापाने घरी. बदली आली होती चिमी. चिमी म्हणजे साधी पोर, जे विचाराल त्याचं खरं उत्तर देते. तिथेच घोळ झाला. प्रगती मराठीत विचारायची आणि उत्तर इंग्रजीत सांगायची.

"तुमचं नाव?"

"गंगी," चिमी म्हणाली. बरोबरच आहे, त्या दिवशी ती गंगीच होती.

"तुम्ही शेवटच्या आजारी कधी पडलात?"

"आज."

प्रगतीने चष्मा वर केला. "आज? काय होतंय?"

"ताप आहे. कालपासून. अंग नुसतं तव्यासारखं. डोकं उचलवत नाही."

प्रगतीने ते सांगितलं. मॅडमनी तोंडावर हात ठेवला. फोनच्या मागून शेठ हातवारे करायला लागले, पण चिमीचं तिकडे लक्षच नाही.

"मग इतका ताप असून तुम्हाला कामावर कोणी आणलं?"

"कामावर कुठे? ती घरी आहे ना, गोधडीत."

"कोण घरी?"

"गंगी."

"आणि तुम्ही कोण?"

"गंगी," चिमी म्हणाली, आणि हिला एवढंही कळत नाही का अशा नजरेने प्रगतीकडे बघायला लागली.

प्रगतीचं इंग्रजी तिथे संपलं. बायजी पदरात तोंड घालून हलत होती. शेवटी मीच पुढे झाले. रुमालाची गोष्ट सांगितली, एसटीची सांगितली. प्रगतीने कसंबसं तिकडे पोचवलं. मॅडम ऐकत राहिल्या, मग एकदम हसल्या, आणि म्हणाल्या, म्हणजे आजारी बाई खरोखर आराम करते? करते. मजुरी घरातच जाते? जाते. कोणी बोलत नाही? कोण बोलणार? मला वाटलं, जिंकलो. नेदरलँड गप्प.

मग त्यांनी विचारलं, "आणि जिच्या घरी पाठवायला कोणीच नाही, ती काय करते?"

इतक्या वर्षांत हे आम्हाला कोणी विचारलं नव्हतं. आम्हीही एकमेकींना विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "तसं कोणी नाही इथे."

"तुमची बदली कोण येते?"

"मला लागत नाही. मी आजारी पडत नाही." हे बोलताना मी उजवा हात पदराखाली घेतला. शेजारी रखमीने घसा खाकरला. मला इतका राग आला तिचा!

फोन बंद झाल्यावर शेठ तापले, आणि तापले की त्यांचं गुजराती बाहेर येतं. "सुषमाबेन, मारा चौदा माणसात कोण कोण छे ते मलाच माहीत नाही!" दोन दिवस ते आणि प्रगती ऑफिसात भांडत होते. दार उघडंच होतं, आम्हाला सगळं ऐकू यायचं. प्रगती सहा आठवडे म्हणायची. शेठ म्हणायचे, "जर्मनीला सांग, आधी एक चिकू पिकवून दाखव! सहा आठवडे? मी माझ्या लग्नाला चार दिवस घेतले होते!" प्रगती म्हणाली, "शेठ, लग्न आजारपण नाही." शेठ म्हणाले, "तुला काय माहीत?"

शेवटी फळ्यावर नियम लागले. बारा दिवस पूर्ण मजुरीची आजारपणाची रजा. त्यानंतर सहा आठवडे पुरे होईपर्यंत अर्धी मजुरी, आणि जागा राखून. डॉक्टरांचा कागद लागला तर तीन दिवसांच्या वरच. शेठ वाईट माणूस नाही हो, फक्त त्यांना मॅडमची भीती घालावी लागते. पण त्याबरोबर दुसरेही नियम आले. उद्यापासून बदली बंद, जिचं नाव तीच येणार. आणि जी चिकू पास करते, तिनेच खोका भरून बंद करायचा, वर स्वतःच्या नावाची चिठ्ठी लावायची, म्हणजे तक्रार आली तर कोणाची ते कळेल. रखमीला चिकू धुवायच्या टाकीवर पाठवलं. माझ्या मनाला बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू. शेजारी बसून खाकरणारं कोणी नको.

आता गंमत बघा. रजा आली, पण घ्यायला कोणी तयार होईना. मॅडम महिन्याच्या शेवटी विचारणार आहेत, कोणी रजा घेतली का म्हणून, असं प्रगती सारखी येऊन सांगायची. बायका एकमेकींना ढकलायच्या. "बायजी, तू खोकतेस, तू घे." "मी तंबाखूने खोकते, तो आजार नाही, ती सवय आहे." गंगीचा ताप उतरला होता, ती म्हणाली, आधी सांगायचं होतंत, चार दिवस आणखी टिकवला असता. हसण्यावारी चाललं होतं, पण मनात प्रत्येकीच्या भीती होती. पहिलं नाव ज्या बाईचं लागेल तिच्यावर शेठचा डोळा राहील. आजवर आमचं आजारपण घरात राहत होतं, आता ते कागदावर जाणार होतं.

आणि त्यात टाकीवरून रखमी ओरडली, "सुषमाबायचं लिही की!"

मी स्टुलावरून उठलेच. "काय म्हणालीस?"

"तुझं लिही म्हटलं. सहा आठवडे."

माझ्या डोक्यात सणक गेली. तरातरा टाकीपाशी गेले. "रखमे, अकरा वर्षं वाट बघितलीस ना? स्टूल पाहिजे ना तुला? सरळ सांग! टाकीवर पाठवलं म्हणून जळतेस काय?" आणखीही बरंच बोलले, ते इथे सांगत नाही. ती चिकू धूत ऐकत राहिली. मग हात पुसले आणि म्हणाली, "झालं? डोळे मीट."

"कशाला?"

"मीट गं. मारत नाही मी तुला."

मी मिटले. का मिटले कोण जाणे. तिने माझा उजवा हात धरला, बोटांत एक चिकू दिला, काढून घेतला, मग दुसरा दिला. "मऊ कुठला?"

मी दोन्ही वेळा दाबलं होतं. अकरा वर्षांची सवय. मी म्हटलं, "दुसरा."

"उघड डोळे."

दुसरा दगडासारखा कडक होता. पहिला फुटला होता. मी दाबून फोडला होता. माझ्या बोटांवरून त्याचा रस मनगटापर्यंत ओघळला होता, आणि मला पत्ता नव्हता.

रखमीने टाकीतलं पाणी घेऊन माझा हात धुतला. आवाज अगदी हळू केला. बाकीच्या बायका एकदम मन लावून चिकू निवडायला लागल्या होत्या, इतक्या मन लावून त्यांनी कधीच काम केलेलं नाही.

"तीन महिने झाले," ती म्हणाली. "तू पास केलास की मी खोक्यात लावताना परत दाबायचे. मऊ निघाला की बाजूला. कधी चार, कधी अकरा. आता खोका तूच बंद करतेस. माझा हात पोचत नाही तिथे, बाय. काल आणि आज, दोन दिवसांचा माल तसाच बंद झालाय तुझ्या नावाची चिठ्ठी लावून. मला झोप नाही."

म्हणजे डोळ्यांना बोटं फुटली नव्हती. शेजारी रखमी बसली होती. मी काय सांगू तुम्हाला, मला तिथल्या तिथे टाकीत उडी मारावीशी वाटली. मला राग आला, लाज वाटली, आणि मग मी लहान पोरीसारखी रडले, सगळ्या जणींच्या समोर, जिने अकरा वर्षं त्यांना रडू दिलं नव्हतं ती मी.

"सांगितलं का नाहीस?" मी विचारलं.

"तू सांगितलंस?"

"आणि काढलेले चिकू कुठे गेले?"

"खाल्ले. आणखी काय करणार, तुला दाखवणार? घरी नेले, पोरांना घातले. पोरं आता चिकू म्हटलं की पळतात. मीच संपवते. पोटाची पार वाट लागलीये माझ्या."

मी तशीच ओल्या हाताने ऑफिसात गेले, रखमीला ओढत. शेठना सगळं सांगितलं. सगळं म्हणजे सगळं, त्या दोन दिवसांच्या मालासकट. खोके अजून रेल्वेत चढले नव्हते, मागच्या खोलीतच होते, ते परत उघडायचे ठरले. शेठनी माझा ओला हात उलटासुलटा करून बघितला. मग म्हणाले, "सुषमाबेन, मने कहेवानु ना? मला सांगायचं ना? मी काय राक्षस आहे?" मी म्हटलं, नाही, पण तुम्ही डोकी मोजता. त्यांनी प्रगतीला हाक मारली.

प्रगतीने नवा फॉर्म काढला. नाव, आजार, किती दिवस. सोमवारी ऑपरेशन, पुढे सहा आठवडे. "जागा कोण सांभाळणार?" तिने विचारलं.

"रखमी," मी म्हटलं. तिचं नाव घ्यायला जड गेलं, पण घेतलं.

"मी नाही," रखमी म्हणाली. "मला रजा पाहिजे."

"तुला काय झालंय?"

"तीन महिने दोन बायकांचं काम केलं. एक माझं, एक हिच्या बोटांचं. शिवाय ते कुणाला कळू द्यायचं नाही हे तिसरं. थकले मी. बघ गं प्रगती तुझ्या फोनात, कुठल्या देशात याची रजा मिळते ते."

ती चेष्टाच करत होती. पण प्रगती सरळ मनाची पोर, बसली शोधत. जर्मनी बघितलं, स्वीडन बघितलं, नेदरलँड बघितलं. आजारी माणसाला होतं, बाळंतिणीला होतं, घरात कोणी आजारी असेल त्यालाही काही ठिकाणी होतं. दुसऱ्याचं आजारपण गुपचूप आपल्या हातांवर घेतलेल्या बाईला कुठेच काही नव्हतं. प्रगतीचा चेहरा एवढासा झाला. "नाही सापडत, मावशी," ती म्हणाली, जशी काही तिचीच चूक.

"फोन ठेव," मी म्हटलं. "आधी हिचा फॉर्म भर. सोमवार, मंगळवार, बुधवार. तीन दिवसांना डॉक्टरांचा कागद लागत नाही ना? माझं ऑपरेशन गुरुवारी करते."

"कारण काय लिहू?"

"पोट बिघडलं. चिकू जास्त खाल्ले."

शेठनी सही केली. नेदरलँडच्या मॅडमना गेलेल्या आमच्या शेडच्या पहिल्या रजेचं कारण हेच आहे, प्रगतीने इंग्रजीत काय केलं असेल ते असो. रखमी दारापर्यंत गेली आणि वळून म्हणाली, "तीन दिवस मी नाही. मग मागून कोण दाबणार? काय करशील?"

मी म्हटलं, जा तू. नाटकं करू नकोस.

सोमवारी रखमीच्या जागी शेठनी चिमीला तात्पुरती घेतली, तिच्या स्वतःच्या नावाने. मी पुकारलं तेव्हा ती दोनदा इकडे-तिकडे बघून मग 'हजर' म्हणाली. काम सुरू झालं. चिकू माझ्यापर्यंत आला. मी तो हातात घेतला, रंग बघितला, देठ बघितला. सगळ्या बायका खाली बघत होत्या. सगळ्यांना माहीत होतं, तरी सांगायचं मलाच होतं. एवढंसं वाक्य, पण अकरा वर्षांत मी ते कधी कोणाला बोलले नव्हते.

"चिमे," मी हाक मारली. "स्टूल घेऊन इकडे माझ्याजवळ बस. माझ्या बोटांना कळत नाही. मऊ कुठला ते तू सांग."

चिमी आली, चिकू घेतला, देठाजवळ दाबला. "हा कडक आहे, बाय," ती म्हणाली, आणि तो माझ्या हातात परत दिला, आणि मी खोक्यात ठेवला.